पाचवा बाण

मिस्त्रींच्या हातून काम बिघडलं असं गल्लीत कोणी म्हणालं असतं, तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. त्यांनी बसवलेलं दार वीस वर्षांनीही कुरकुरत नसे. त्यांच्या कपाटाचा खण एका बोटाने उघडायचा आणि एका बोटाने मिटायचा. स्वतःच्या कामाबद्दल ते फारसं बोलत नसत, पण दुसऱ्या कोणी केलेलं टेबल डुगडुगताना दिसलं की त्यांच्या कपाळावर अशी आठी पडायची, की टेबलाच्या मालकालाच ओशाळल्यासारखं व्हायचं. अशा माणसाने स्वतःच्या घराला, स्वतःच्या बायकोसाठी, एक साफ चुकीचा उतार बांधला. वर आठवडाभर ती चूक झाकून ठेवली. कशी झाकली, ते ऐकण्यासारखं आहे.

बायको शाळेत आठवीला विज्ञान शिकवायची, म्हणून गल्ली तिला बाई म्हणायची. लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी मिस्त्रीही बाईच म्हणायचे, कधी कौतुकाने, कधी चिडवायला. मग आपणही बाईच म्हणू. गेल्या वर्षी एका भरधाव गाडीने बाईंना रस्त्याच्या कडेला उडवलं. जीव वाचला, पण कमरेखालची ताकद गेली ती गेलीच. पाच महिने दवाखान्यात गेले, सहा महिने घरातल्या पलंगावर आणि चाकांच्या खुर्चीत. या अकरा महिन्यांत बाई रडल्या, चिडल्या, गप्प बसल्या. हसल्या मात्र एकदाही नाहीत, आणि हे मिस्त्रींना दिवसातून दहा वेळा जाणवायचं.

मग शाळेतून मोठ्या बाईंचा फोन आला. नवं सत्र तीन आठवड्यांनी सुरू होणार होतं.

"तुमचा वर्ग तळमजल्यावर घेतलाय," मोठ्या बाई म्हणाल्या. "शाळेत चांगला लांबलचक उतार आहे, फळाही खाली आणून घेऊ. पण एक स्पष्ट सांगते, तुम्हाला ढकलायला माझ्याकडे माणूस नाही. एकट्या येणार आणि एकट्या जाणार असाल तर जागा तुमचीच आहे. तसा कागद तेवढा दवाखान्यातून आणा. नाहीतर या वर्षी मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल."

बाईंनी फोन ठेवला आणि खुर्ची मिस्त्रींकडे वळवली. "अहो, शाळा दोन गल्ल्या पुढे. रस्ता सपाट. अडचण एकच."

अडचण म्हणजे घरापुढच्या चार पायऱ्या. अपघातापासून बाई त्या उतरायच्या ते मिस्त्रींच्या हातांवर, आणि उतरताना दर वेळी डोळे मिटून घ्यायच्या. भीती वाटते म्हणून असेल, असं मिस्त्रींना वाटायचं. खरं तर समोरच्या दुकानातला शिंपी बघत असतो म्हणून.

मिस्त्रींनी त्याच दिवशी टेप काढली. चार पायऱ्यांची मिळून उंची साठ सेंटिमीटर. पायरीपासून फाटकापर्यंत अंगण तीन मीटर. झालं, म्हणजे तीन मीटरचा उतार. दोन दिवसांत तो तयारही झाला. जाड प्लाय, चाक घसरू नये म्हणून वर खरखरीत पट्ट्या, दोन्ही कडांना चार बोटं उंच काठ, खाली हात हात अंतरावर आडवे दांडे. त्यावरून हत्ती गेला असता तरी उतार वाकला नसता. हत्तीला तो चढता आला असता का, एवढंच बघायचं राहिलं होतं. कारण मिस्त्रींनी खुर्ची स्वतः ढकलून पाहिली, आधी रिकामी आणि मग वाळूची दोन पोती ठेवून. ती सर्रकन वर गेली. तीस वर्षं लाकूड उचललेल्या खांद्यांना एवढासा चढ तो काय.

पहिल्या सकाळी बाई खाली फाटकापाशी तयार झाल्या. हातांत व्यायामाचे हातमोजे, केस घट्ट बांधलेले.

"मी नुसता मागून चालतो," मिस्त्री म्हणाले. "खुर्ची मागे आली तर धरायला."

"हात लावायचा नाही."

"नाही लावत."

पहिला मीटर बरा गेला. दुसऱ्या मीटरला खुर्ची रेंगाळली, मग थांबली. बाईंच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, कोपरं थरथरू लागली, आणि खुर्ची चार बोटं मागे सरकली. मिस्त्रींचा अंगठा कधी पुढे गेला ते त्यांनाही कळलं नाही. बैठकीच्या मागे, खालच्या अंगाला एक आडवी नळी होती. तिच्यावर त्यांनी अंगठा टेकवला. खुर्ची हलली, चालू लागली, वर पोचली.

बाईंनी दारात खुर्ची वळवली. घाम हनुवटीवरून गळत होता. त्यांनी उताराकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, पलीकडच्या रस्त्याकडे पाहिलं आणि त्या हसल्या. अगदी तोंडभरून हसल्या. शिंपी कात्री घेऊनच दुकानाबाहेर आला होता, टाळ्या वाजवायला ती कुठे ठेवावी हे त्याला सुचेना. आता तुम्हीच सांगा, अकरा महिन्यांनी आलेल्या या हसण्यानंतर कोणता नवरा म्हणेल, की अगं थांब, ते तू नाही चढलीस?

दुसऱ्या दिवशी अंगठा आधीपासूनच तयार होता. तिसऱ्या दिवशी त्याला जागा पाठ झाली. मिस्त्री मनाला समजावत होते, की चार दिवसांत तिचे हात बळकट होतील, मग आपण हळूहळू अंगठा काढून घेऊ, आणि कोणाला काही कळणारही नाही. लबाडी करणारा माणूस मनाला जे जे सांगतो ते सगळं त्यांनी सांगून झालं. बाईंची धाकटी बहीण सत्राच्या आधीच्या शनिवारी येऊन चढणं-उतरणं बघणार होती. ती दवाखान्यात रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायची, तेव्हा शाळेला लागणारा कागद तिच्याच सहीचा. या मेव्हणीचा हात हलका होता, जीभ मात्र अजिबात हलकी नव्हती. शनिवारचं नाव काढलं की मिस्त्री टेप घेऊन उगाच काहीतरी मोजायला लागायचे.

पण शनिवार यायच्या कितीतरी आधी, चौथ्या दिवशी संध्याकाळी, बाईंनी चौकटीचा कागद पुढे ओढला.

"सत्राचा पहिला धडा बलाचा," त्या म्हणाल्या. "दर वर्षी पुस्तकातला लाकडी ठोकळा काढते. या वर्षी माझीच खुर्ची काढणार. पोरं विसरणार नाहीत."

त्यांनी कागदावर तिरकी रेघ मारली आणि तिच्यावर खुर्ची काढली. मिस्त्री कौतुकाने बघत बसले. बायको पुन्हा धडा काढतेय, याहून चांगलं काय असतं.

"वस्तूवर जी जी ढकल-ओढ होते, तिचा एकेक बाण काढायचा. एकही सुटता कामा नये, आणि नसलेला घालायचा नाही. हा पहिला सरळ खाली, माझं आणि खुर्चीचं वजन. तुमच्यासाठी किलोत सांगते, वर्गात मला न्यूटनच बोलावं लागतं. बहात्तर किलो. हा दुसरा, फळीचा. फळी मला तोलून धरते, आणि तिचा बाण तिच्याशी काटकोनात."

"गुण्या लावून," मिस्त्री म्हणाले.

"गुण्या लावून. हा तिसरा लहानसा, चाकं कुरकुरतात त्याचा, मागे ओढणारा. आणि हा चौथा, माझ्या हातांचा, वर नेणारा. खुर्ची चढते म्हणजे चौथा बाण मागे खेचणाऱ्यांना पुरून उरतो. आता आकडे घालू."

आकडे सोपे होते. उंची साठ सेंटिमीटर, उतार तीन मीटर, म्हणजे उंची लांबीचा पाचवा हिस्सा. मग वजनाचाही पाचवा हिस्साच माणसाला उतारावरून मागे खेचतो. चौदा किलो चारशे ग्रॅम. राहिला हातांचा जोर. तो मोजायला बाईंनी शाळेतून स्प्रिंगचा मोठा ताणकाटा मागवून ठेवला होता. काट्याचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं खुर्चीच्या पाठीला, आणि सपाट फरशीवर चाकं पुढे रेटायची, म्हणजे काटा आपोआप जोर दाखवतो. गजाला काटा बांधून दिला तो मिस्त्रींनीच. गाठही अशी सुरेख मारली, की आपल्याच पायावर धोंडा बांधतोय हे गाठ मारून होईपर्यंत त्यांच्या ध्यानात आलं नाही.

बाईंनी सगळा जोर लावला. काटा नऊ किलोंवर थांबला.

पुन्हा लावला. नऊ. दम खाऊन तिसऱ्यांदा लावला. नऊच.

"असं कसं," बाई म्हणाल्या. "नऊ किलोंच्या जोराने चौदा किलो कसे चढतील?"

"काटा जुना असेल," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी पाच लिटर पाण्याचा कॅन काट्याला टांगायला लावला. काट्याने पाच किलो दाखवले, ना एक ग्रॅम इकडे, ना एक ग्रॅम तिकडे. मग उतार पुन्हा मोजून घेतला. तीन मीटर, साठ सेंटिमीटर. मिस्त्रींच्या मापात चूक निघणार नव्हतीच. बाईंनी कागद उलटा केला आणि सगळं पहिल्यापासून मांडलं. उत्तर तेच आलं.

पुढचे तीन दिवस घरात खोडरबराचा भुसा सांडत राहिला. बाईंनी उतारावर जाणं सोडलं. आधी हे सुटू दे, म्हणायच्या. गाठीशी वीस वर्षांचं शिकवणं होतं, हजार मुलांचे पेपर तपासलेले होते, आणि हा एक कागद सरळ होत नव्हता. त्यांना मिस्त्रींचा संशय आला नाही. हेच मिस्त्रींना जास्त लागत होतं. त्या दुसरीकडेच संशय घेत होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना त्यांनी घास खाली ठेवला. "अहो, अपघातात माझ्या डोक्यालाही मार लागला होता ना?"

"सगळं तपासलं होतं. काही निघालं नाही."

"तेव्हा निघालं नसेल." त्या ताटाकडे बघत होत्या. "आठवीच्या पोराने सोडवावं असं गणित आहे. मला सुटत नाहीये. उद्या फळ्यापाशी चाळीस मुलांसमोर असं झालं तर? मी मोठ्या बाईंना पत्र लिहिते. या वर्षी दुसरं कोणी बघा म्हणून."

मिस्त्री जेवण अर्धं टाकून उठले आणि शेडमध्ये गेले. त्यांची कामाची शेड घराला चिकटूनच होती, लांबच लांब, चिंचोळी. रंधा उचलला, फळीवर ठेवला, आणि तो पुढे जाईना. त्यांना लाज वाटली. नुसती वाईट वाटण्यासारखी नव्हे, कान तापवणारी लाज. बायकोला आधार दिला म्हणून ते आठवडाभर स्वतःवर खूष होते. आणि त्या आधाराने तिच्याजवळ जे एक धडधाकट उरलं होतं, तिचं डोकं, त्याच्यावरचाच तिचा विश्वास उडवला होता. खरं सांगितलं तर ते हसणं जाणार. नाही सांगितलं तर शाळा जाणार, आणि बाई उरलेला सगळा जन्म स्वतःला अर्धवट समजणार. एवढा हिशेब सुतारालाही जमतो.

ते आत आले. बाईंपुढे पत्राचा कोरा कागद होता आणि शेजारी खुर्चीचं चित्र. मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली, लाकडावर खुणा करायची ती जाड पेन्सिल. चित्रातल्या बैठकीच्या मागे, खालच्या अंगाला, त्यांनी एक बाण काढला. वर नेणारा. तो जरा वाकडा आला.

बाईंनी त्या बाणावर बोट ठेवलं.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

"मागच्या नळीवर."

"रोज?"

"रोज."

"किती?"

"मोजलं नाही गं. नुसता अंगठाच होता."

"पाच किलो चारशे," बाई म्हणाल्या. "चौदा चारशेतून नऊ गेले." मग त्यांचा आवाज बदलला. "म्हणजे गणित बरोबर होतं. अहो, गणित बरोबर होतं माझं." आणि त्या रडायला लागल्या. मिस्त्री जवळ गेले तेव्हा त्यांनी हाताने त्यांना दूर सारलं, आणि तो हात नऊ किलोंचा वाटला नाही.

"पाय गेले ते मी सोसलं," त्या म्हणाल्या. "डोकं गेलं असतं तर काय उरलं असतं हो माझं? तीन दिवस मी याच विचारात होते, आणि तुम्ही समोर बसून चहा पीत होतात."

"तू हसली होतीस," मिस्त्री म्हणाले. "पहिल्या दिवशी. म्हणून नाही सांगवलं."

"ते हसणं फुकटचं होतं. तुमचं होतं ते, माझं नव्हतं."

पत्राचा कागद तेवढा बाईंनी टराटरा फाडला. त्या दिवशी त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

बोलल्या त्या दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडकीतून. ही खिडकी स्वयंपाकघर आणि शेड यांच्या मधल्या भिंतीत होती. लग्न झाल्यापासून मिस्त्रींचा चहा याच खिडकीतून यायचा. मधे काही महिने तो बंद पडला होता. मिस्त्रींनी ओटा कापून खुर्चीच्या उंचीला आणून दिल्यावर महिन्याभरापासून पुन्हा सुरू झाला होता. आज कप आला, आणि कपामागून बाईंचा आवाज आला.

"हात बळकट व्हायला मला सहा महिने लागतील. सत्र बारा दिवसांवर आलंय. तेव्हा जोर वाढवता येत नाही, तर लागणारा जोर कमी करायचा. चढायचं तेवढंच, साठ सेंटिमीटर. पण लांबून, दमादमाने. तीन मीटरऐवजी सात मीटर वीस घेतले, तर मागे खेचणारे चौदा किलो सहावर येतात. सहा मला जमतात."

"अंगण तीन मीटरच आहे, बाई."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या आणि आत वळल्या. खिडकी मात्र त्यांनी उघडीच ठेवली.

मिस्त्री कप हातात घेऊन उभे राहिले. त्यांनी त्या उघड्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीपलीकडची फरशी शेडच्या जमिनीपेक्षा साठ सेंटिमीटर उंच. मग त्यांनी शेडच्या दुसऱ्या टोकाकडे, रस्त्याच्या दाराकडे पाहिलं. लांब फळ्या आडव्या ठेवता याव्यात म्हणून शेड नऊ मीटर लांब बांधलेली. भिंतीलगत जागा होती. नव्हती ती खिडकीखाली. तिथे वडिलांच्या हातचा बाक होता, वीतभर जाडीच्या लाकडाचा, चार माणसांना न हलणारा. त्यावर मिस्त्री रंधायला शिकले, त्यावर त्यांचे वडील शेवटपर्यंत राबले. त्या बाकावर कोणी साधा कप ठेवला तरी मिस्त्री भडकायचे. आणि तिथून बाक हलला, भिंतीलगत उतार आला, म्हणजे निम्मी शेड गेली.

बाईंना हे सगळं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी ते तोंडाने मागितलं नव्हतं.

चहा गार झाला. मिस्त्रींनी कप बाकावर ठेवला आणि खिशातून टेप काढली.

बाक हलवायला त्या दिवशी माणसं मिळाली ती दोनच, बाईंनी फोन करून बोलावलेली मेव्हणी आणि समोरचा शिंपी. शिंपी म्हणाला, "मी आयुष्यात सुईपेक्षा जड काही उचललेलं नाही, आधीच सांगून ठेवतो."

"उचलायचंच नाहीये," बाई खिडकीतून म्हणाल्या. "ती लांब पहार घ्या. टोक बाकाच्या पायाखाली घाला, आणि पहारीखाली जवळच ती वीट सरकवा. आता पार दुसऱ्या टोकाला जाऊन दाबा. मधे नाही, शिंपीदादा, टोकाला."

शिंप्याने दाबलं आणि बाक त्याच्या बाजूने उचलला गेला. तो स्वतःच्या दंडाकडे असा बघत राहिला, की आता शिवणकाम सोडून कुस्तीलाच जाईल. मिस्त्रींनी पायांखाली दोन लांब फळ्या सरकवल्या आणि फळ्यांखाली पाण्याच्या तीन नळ्या. घासत गेला असता तर बाक हलला नसता, नळ्यांवर मात्र तो निमूट निघाला. मागची नळी मोकळी झाली की मेव्हणी ती पुढे आणून टाकायची. पाऊण तासात बाक समोरच्या भिंतीला लागला. मिस्त्रींना हे सगळं बाईंच्या आधीपासून येत होतं. तरी ते सांगितलं तसं करत गेले.

"भाओजी इतके गरीब कधीपासून झाले?" मेव्हणीने बहिणीला विचारलं. मग बाईंनी तिला सगळं सांगितलं, आणि मेव्हणीने मिस्त्रींना जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नऊ दिवस मिस्त्रींनी दुसऱ्या कोणाचं काम हातात घेतलं नाही. खिडकी गेली, भिंत खाली फरशीपर्यंत फोडली, तिथे सरकतं दार बसलं. उतार भिंतीच्या कडेने खाली आला, सात मीटर वीस सेंटिमीटर, सूतभरही कमी नाही. रोज संध्याकाळी बाई दारात येऊन बघायच्या आणि ताणकाट्यावर हातांचा जोर मोजून घ्यायच्या. नऊच भरायचे. एकदा साडेनऊ भरले, तेव्हा त्यांनी मिस्त्रींना दोनदा वाचायला लावलं.

शनिवारी मेव्हणी आली. "भाओजी, तुम्ही तिकडे, बाकापाशी. आणि दोन्ही हात मला दिसले पाहिजेत."

मिस्त्री बाकापाशी जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हातांनी त्यांनी बाकाची कड धरली. बाई उतरल्या. तळवे चाकांवर दाबत, घासत, खुर्चीला अजिबात पळू न देता खाली आल्या. वळल्या. चढायला लागल्या. एक मीटर, दोन, तीन. चाकं रेटायची, हात मागे न्यायचे, पुन्हा रेटायचं. खरखरीत पट्ट्यांवर चाकांचा आवाज येत होता. पाचव्या मीटरला आवाज थांबला. खुर्ची दोन बोटं मागे आली.

बाकाची कड मिस्त्रींच्या बोटांत रुतली. मधे अंतर तीन पावलांचं होतं. अंगठ्याला तर जागा पाठ होती.

"कोणी हलू नका," बाई म्हणाल्या. त्यांनी खुर्चीचा ब्रेक ओढला. "दम घेतेय. उतार बरोबर आहे. मीच घाई केली."

त्यांनी पाच-सहा श्वास घेतले, मोजे ओढून नीट केले, ब्रेक सोडला. मिस्त्री उभेच राहिले. आयुष्यात त्यांनी दारं उचलली, तुळया उचलल्या, पण नुसतं उभं राहायला इतका जोर त्यांना कधी लागला नव्हता. चाकांचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि दारापर्यंत गेला.

बाईंनी वर खुर्ची वळवली. हसल्या नाहीत. मिस्त्रींकडे बघून त्यांनी विचारलं, "किती बाण?"

"चार," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी बाकाची कड सोडली.

मेव्हणीने कागद काढला आणि वडिलांच्या बाकावर ठेवून सही केली.

सोमवारी सकाळी बाई शेडच्या दारातून बाहेर पडल्या आणि कोपऱ्यावरून वळून दिसेनाशा झाल्या. शिंप्याने दुकानातून विचारलं, "तुम्ही नाही गेलात सोबत?"

"मला काम आहे," मिस्त्री म्हणाले. दिवसभर त्यांनी एका खुर्चीचा एकच पाय तीनदा घासला.

शाळा सुटली, आणि थोड्या वेळाने दाराशी चाकं वाजली. मांडीवर पिशवी, बोटांना खडू. "अहो, त्या चित्राचं ऐका," बाई उताराशी वळत म्हणाल्या. "तोच कागद नेला होता. तुमचा बाण मी खोडला, पण तुमची ती पेन्सिल, डाग राहिलाच. मी चार बाण समजावून सांगितले. तर पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणते, बाई, इथे आधी काहीतरी होतं."

"मग?" मिस्त्रींनी रंधा चालू ठेवत विचारलं. फळी चांगली होती, ढलपी लांब निघत होती.

"मी म्हटलं, होतं ना. तिथे आमचे मिस्त्री होते. तर म्हणते, मग ते आता कुठे गेले?"

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, कुठे गेले नाहीत. बाजूला उभे आहेत. आणि पोरांनो, बाजूला उभं राहायला किती न्यूटन लागतात ते पुस्तकात दिलेलं नाही."

मिस्त्रींना हसू आलं. उत्तर द्यायला त्यांनी मान वर केली, तर उतार रिकामा होता. आवाज वरून येत होता. बाई स्वयंपाकघराच्या दारात पोचून मोजे काढत होत्या, आणि हसत होत्या. पाचवा मीटर कधी गेला, त्या थांबल्या की नाही, मिस्त्रींना काहीच कळलं नव्हतं. त्यांचे दोन्ही हात रंध्यावर होते.

"चहा टाकते," बाई म्हणाल्या. "कप बाकावर ठेवला तर चालेल ना?"

"ठेव," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी बाकावरचा भुसा हाताने झाडून कपापुरती जागा केली.